सासूबाई, रेशनवाला आणि भाजीवाली

आमच्या घरात तुलना केल्याशिवाय कधी काही आलं नाही. कुकर असो, गादी असो, साधी छत्री असो, बाबा आधी तीन दुकानं हिंडायचे, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायचे, ती परत जागेवर ठेवायचे आणि रात्री जेवताना तिन्हींचे गुणदोष सांगायचे. आईचा अमेरिकेतला पहिला जाड कोट असाच हिवाळा संपता संपता घरात आला. पुढच्या वर्षी कामाला येईल, असं बाबा म्हणाले, तेव्हा आईने तो भर मे महिन्यात गाडीत एसी लावून घालून दाखवला. मला त्या काळात बाबांच्या या सवयीची चीड यायची. आज मीही फ्रिज घ्यायचा तर महिनाभर घरच्यांचं डोकं खाते, आणि नवरा म्हणतो की लग्नाआधी तुझ्या बाबांकडे नीट बघायला हवं होतं.

आम्ही तेव्हा अमेरिकेत अ‍ॅशबर्नला दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. आजूबाजूला बिनखिडक्यांच्या लांबच लांब इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांत माणसं नव्हती, नुसती यंत्रं होती. बाल्कनीचं दार उघडलं की त्यांच्या पंख्यांची घरघर आत यायची. पाहुणे आले की बाबा मोठ्या अभिमानाने सांगायचे, अर्ध्या जगाचं इंटरनेट आपल्या अंगणातून जातं. आमच्या घरातलं इंटरनेट मात्र असं होतं की एक फोटो उघडेपर्यंत आईच्या दोन पोळ्या भाजून व्हायच्या. घरातला दुसरा ठरलेला आवाज स्मोक अलार्मचा. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, त्यामुळे फोडणी जरा चढली की तो किंचाळायला लागायचा आणि कुणीतरी टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायचा. हे काम माझं होतं. आई मोहरीचा डबा उघडतानाच "सई, टॉवेल" अशी हाक द्यायची आणि मी इंग्रजीत कुरकुर करत जायचे. घरात मी बहुतेक सगळं इंग्रजीतच बोलायचे. आईबाबा मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

बाबा डेटाबेसचं काम करायचे. त्यांचा व्हिसा कंपनीच्या जोरावर, आणि आईचा नि माझा बाबांच्या जोरावर. आई नागपूरला कॉलेजात शिकवायची, इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डाची फाइल कुठल्या तरी ढिगात होती. हे सगळं मला माहीत होतं, पण घराच्या खाली तळघर असतं हे जसं माहीत असतं, तसं. त्याचा रोज विचार करत नाही कुणी. मी पाचवीत असताना आम्ही इथे आलो होतो, आता मी अकरावीत होते, आणि पुढच्या वर्षी कुठल्या कॉलेजांना अर्ज करायचे यावर मैत्रिणींशी तासन्‌तास बोलत होते.

त्याच हिवाळ्यात एका मैत्रिणीने मला आगगाडीच्या एका गेमचा डेमो दिला, म्हणजे चव घेण्यापुरता फुकटचा तुकडा. नकाशावर रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्यांच्या वेळा लावायच्या. मी तो सहज चालू केला होता. बाबा मागून आले, खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाहीत. त्यांचं लहानपण नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं, आजोबा मालगाडीचे गार्ड होते. "इथे सायडिंग नाही ठेवलं तर मागची गाडी कुठे थांबून राहील?" असं ते मला विचारायचे आणि मग क्वार्टर्समधल्या उन्हाळ्यांवर घसरायचे, खाटा अंगणात टाकून गाड्यांच्या आवाजावरून वेळ ओळखायचे ते दिवस. डेमो एका नदीपर्यंत जायचा. पुलाचा पहिला खांब उभा राहिला की पडदा करडा पडायचा आणि पूर्ण गेम विकत घ्या अशी पाटी यायची. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. अभ्यास आणि मार्क सोडून बाबा माझ्याशी जे काही बोलले, ते बहुतेक त्या नदीच्या अलीकडच्या काठावर बोलले.

वाढदिवसाला तो पूर्ण गेम मिळेल असं ठरलं, आणि ठरलं म्हणजे तुलना सुरू झाली. गेम जुना असल्यामुळे खोक्यातली सीडी दुकानात मिळेनाशी झाली होती. नेटवरून उतरवून घ्यायचा, तर तो विकणारी दुकानं तीन. पहिलं सगळ्यांत मोठं आणि स्वस्त. पण त्याचा स्वतःचा एक प्रोग्राम आधी घरात घ्यायचा, आणि मग दर वेळी गेम उघडताना तो नेटवरून दुकानाला विचारणार, या मुलीला खेळू देऊ का. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे पैसे आपले, आणि माहेरी जाताना विचारायचं सासूबाईंना." तेव्हापासून त्या दुकानाचं नाव सासूबाई पडलं. दुसरं दुकान दर वेळी विचारत नव्हतं, पण गेम मोजक्याच वेळा कॉम्प्युटरवर चढवू द्यायचं. शेजारच्या बिल्डिंगमधले पेंडसे काका, मूळचे पुण्याचे, यांनी तिथून मुलासाठी गेम घेतला होता. मुलगा सतत कॉम्प्युटर बिघडवायचा, काका सतत तो पुसून नव्याने भरायचे, आणि एक दिवस दुकान म्हणालं की तुमचा कोटा संपला. ते झालं रेशनवाल्याचं दुकान. तिसरं महाग आणि छोटं. पण पैसे द्या, फाइल घ्या, सीडीवर उतरवून ठेवा, पुन्हा आम्हाला तोंड दाखवू नका, असा त्यांचा खाक्या. पिशवीत मेथी टाकली की भाजीवाली काही घरी येऊन तुम्ही तिचं काय केलं हे बघत नाही, म्हणून ती भाजीवाली.

इतकी उघड तुलना होती की मला वाटलं, दोन दिवसांत निकाल लागेल. पेंडसे काकांमुळे रेशनवाला बाद झालाच होता. उरल्या दोन, आणि त्यांतली सासूबाई निम्म्या किमतीची. नेट तर आमच्याकडे चोवीस तास होतं, रडत का होईना. पण बाबा निर्णयच करेनात. जेवताना ते विषय काढायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. त्यांचे प्रश्नही बदलले होते. आधी ते किंमत नि स्पीड बोलायचे, आता म्हणायचे, दुकानच बंद पडलं तर? कार्डाचा पत्ता बदलला तर? घरी नेट नसलं तर? मी म्हणाले, घरी नेट का नसेल. बाबांनी ताटातला भात कालवायला घेतला, जो आधीच कालवलेला होता. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तेव्हापासून घरात काहीतरी ताणलं गेलं होतं. फोन वाजला की बाबा तो घेऊन बाल्कनीत जायचे, थंडीत, बिनकोटाचे.

मग ती संध्याकाळ. आईने कढी-गोळे करायला घेतले होते. गोळे वाफवून झाले, कढी उकळली, वरून घालायच्या फोडणीसाठी कढल्यात तेल ठेवलं आणि ती कपड्यांची बास्केट घेऊन खालच्या लाँड्रीरूममध्ये गेली. तेलाकडे लक्ष ठेवायला बाबांना सांगून गेली. बाबा ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. मी हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे होते, कानावर हेडफोन, पण पुलाचा खांब उभा राहून पडदा करडा पडला होता आणि कानात काहीच वाजत नव्हतं. बाबांनी सासूबाईंच्या ग्राहक मदतीचा नंबर लावला होता. हात ओले म्हणून फोन स्पीकरवर. बराच वेळ नुसती पिपाणी वाजली आणि मग एक मुलगा बोलायला लागला. त्याने आपलं नाव केव्हिन सांगितलं, पण त्याचं इंग्रजी बाबांच्या इंग्रजीसारखंच जपून पाय टाकणारं होतं.

बाबांनी किंमत विचारली, जी त्यांना पाठ होती. अकाउंट कसं उघडायचं ते विचारलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "सपोज अकाउंट होल्डर इज शिफ्टिंग टू इंडिया. परमनंटली. विल द गेम ओपन देअर?"

तो मुलगा चक्क मराठीत म्हणाला, "ओपन होईल सर." म्हणाला आणि स्वतःच दचकला असावा, कारण पुढचं घाईघाईने इंग्रजीत आलं, की नेट असलं तर गेम तिकडेही चालतो, मी स्वतः पुण्यातच बसलोय आणि रोज खेळतो. आणि मग, कॉल रेकॉर्ड होतोय हे विसरून किंवा न विसरता, त्याने हळूच विचारलं, "आर यू कमिंग बॅक, सर?"

बाबांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती खाली न ठेवता ते म्हणाले, "मे बी. माय जॉब इज एंडिंग धिस मंथ."

मी मान वळवली तर दारात आई. लाँड्रीच्या मशीनमध्ये टाकायची नाणी विसरली होती म्हणून परत आली होती. बास्केट कमरेवर, एक हात दाराच्या कडीवर. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बाबांना ती अजून दिसली नव्हती. त्याच वेळी कढल्यातलं तेल पेटायच्या बेताला आलं, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि अलार्म सुरू झाला. पुण्यातला मुलगा "सर? सर?" करत राहिला आणि मग त्याचा आवाज अलार्मखाली बुडाला. बाबांनी गॅस बंद केला, टॉवेल उचलला आणि वळले, तर समोर आम्ही दोघी. आई जागची हलली नाही. मीही नाही. बाबा एकटेच त्या अलार्मखाली टॉवेल फिरवत राहिले आणि तो काही केल्या थांबेना.

शेवटी थांबला. आईने बास्केट खाली ठेवली आणि विचारलं, "कधी कळलं?"

महिन्याच्या सुरुवातीला, बाबा म्हणाले. ज्या प्रोजेक्टवर ते होते ते बंद होणार होतं. महिनाअखेर आली की पगार बंद, आणि त्याच दिवशी व्हिसाही. त्याच्या आत दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि कागद भरले तर राहायचं, नाहीतर नागपूर. सगळं ठरल्यावर सांगणार होतो, असं ते म्हणाले. नुसती अर्धवट तुलना सांगून तुम्हाला कशाला घोर लावायचा. ते इतकं प्रामाणिकपणे म्हणाले की मला आणखीच संताप आला. माझं पुढचं वर्ष, माझं कॉलेज, माझं सगळं आयुष्य त्यांनी तीन दुकानांसारखं मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं आणि मला फक्त निकाल कळणार होता.

"तुम्ही त्याला आधी सांगितलं, बाबा," मी म्हणाले. "आम्हाला नाही. त्याला."

मराठीत बोलले मी. का ते मला आजही सांगता येत नाही. ते खुर्चीवर बसले आणि हातातला टॉवेल बघत राहिले. आई म्हणाली, "आता जेवून घ्या," आणि आम्ही फोडणीशिवायची कढी जेवलो. पांढरीफटक, पाण्यासारखी लागत होती.

पुढचे दिवस मी कधी विसरले नाही. बाबांच्या मुलाखती फोनवर व्हायच्या, आणि घरात अलार्मचा भरवसा नाही म्हणून ते पार्किंगमध्ये गाडीत बसून द्यायचे. बाल्कनीतून मला काचेमागे त्यांचे हात दिसायचे, समोर कुणी नसताना काहीतरी समजावून सांगणारे. वर आले की चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. आईने इंडियन स्टोअरमधून नेहमीचं तांदळाचं मोठं पोतं न घेता छोटी पिशवी आणली. मोठं पोतं संपायला आमच्याकडे बरेच महिने लागायचे. पेंडसे काकूंनी आईला विचारलं की कुकर कुणाला देऊन जाणार आहात का, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मैत्रिणी कॉलेजांबद्दल बोलायला लागल्या की मी बाथरूमला जायचे. घरात आता कुणी काही लपवत नव्हतं, पण सांगण्यासारखंही काही नव्हतं. म्हणून मी स्वतःच एक शकुन ठरवला. नागपूरला आजीकडे नेट नव्हतं, तिथे सासूबाई काही कामाची नव्हती. बाबांनी गेम सासूबाईकडून घेतला तर आपण राहणार. भाजीवालीकडून घेतला तर आपण जाणार.

वाढदिवसाच्या दिवशी शाळेला बर्फाची सुट्टी मिळाली. सकाळपासून पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती, इतका बर्फ. महिना संपत आला होता. आईने शिरा केला, मला ओवाळलं, आणि बाबा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक उघडून बसले, पण माझं सगळं लक्ष पडद्यावर होतं. पाकिटातून कार्ड निघालं. आकडे टाइप झाले. मी उठून जवळ गेले आणि बघितलं. भाजीवाली.

मी परत जाऊन पुस्तकाचं तेच पान उघडलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. शिरा तसाच राहिला. दुपारी पट्टी अर्ध्यावर आली असताना फोन वाजला, अल्फारेटाचा, म्हणजे जॉर्जिया राज्यातला नंबर. तिथल्या एका कंपनीत बाबांच्या दोन मुलाखती होऊन होकार आला होता, पण कागद महिनाअखेरीच्या आत भरले जातील याचा भरवसा नव्हता. बाबांनी फोन उचलला, "वन मिनिट प्लीज" म्हणाले, बाल्कनीकडे एक पाऊल टाकलं आणि थांबले. मग परत आले, फोन टेबलावर ठेवला, आईला हाक मारली, माझ्याकडे बघितलं आणि स्पीकरचं बटण दाबलं.

कंपनीच्या वकिलाच्या ऑफिसातली बाई होती. ती फार भराभर बोलत होती. कागद सकाळी भरले गेले, पावती मिळाली, बाबा पहिल्या तारखेपासून काम सुरू करू शकतात. तिने नाव बरोबर उच्चारतेय ना असं विचारलं आणि बाबांनी तीनदा थँक यू म्हटलं. फोन बंद झाल्यावर आई खाली जमिनीवरच बसली. रडत होती की हसत होती कुणास ठाऊक. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यासमोर त्यांनी आईला असा हात कधी लावलेला मी पाहिला नव्हता. मला जॉर्जियाची, नव्या शाळेची, सुटणाऱ्या मैत्रिणींची भीती नंतर वाटली.

मग मला पट्टी आठवली. मी म्हणाले, बाबा, ते थांबवा, पैसे परत मागा, आता आपण इथेच आहोत, सासूबाई निम्म्या किमतीत देते. माझा हिशोब बरोबर होता, त्यांच्याच पद्धतीचा. बाबांनी पडद्याकडे बघितलं.

"गाडी येऊन राहिली आहे, येऊ दे," ते म्हणाले. "आपण इथे राहायचं की नाही, हे अजूनही दर वेळी कुणाला तरी विचारावंच लागणार आहे. घरात एक तरी गोष्ट अशी असू दे, जिच्यासाठी कुणाला विचारायचं नाही."

आता सगळे गेम, सगळं संगीत, सगळे फोटो कुठल्या ना कुठल्या सासूबाईकडे असतात. माझी मुलगी एका बोटाने विकत घेते आणि तिला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. बाबा अल्फारेटातच आहेत, निवृत्त, अमेरिकेच्या निळ्या पासपोर्टाचे. नातीने काही नवीन घेतलं की ते अजूनही विचारतात, नेट नसलं तर चालेल का गं? ती हसते. मी हसत नाही.

अंधार पडायच्या आत गेम पूर्ण उतरला. बाबांनी तो सीडीवर घेतला, वर मार्करने 'सईची गाडी' असं लिहिलं आणि मग कॉम्प्युटरवर चढवला. मी माउसवर हात ठेवला तर म्हणाले, थांब. ते टेबलाखाली वाकले, मोडेमची वायर उपसून काढली आणि ती हातात धरून उभे राहिले. "आता उघड."

मी क्लिक केलं. पडदा काळा झाला. तो फार वेळ काळाच राहिला, आणि आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यापुढे श्वास धरून उभे होतो, जसे फोनपुढे होतो तसेच. आईने माझा खांदा इतका घट्ट पकडला होता की दुखत होता. मग शिट्टी वाजली, आणि नदी दिसली, आणि पलीकडचा काठसुद्धा.

"कुणालाच विचारलं नाही की हिने," आई म्हणाली. बाबांनी मान हलवली. वायर त्यांच्या हातातच होती, आणि ती परत लावायची आम्हाला त्या दिवशी कुणालाच आठवण झाली नाही.